फाटकाच्या आत, फाटकाच्या बाहेर: एका उन्हाळी शिबिराचं प्रकरण

अमेरिकेतल्या मेन राज्यात ऑटिसफील्ड नावाचं छोटं गाव आहे. तिथे तळ्याकाठच्या झाडीत एक शिबिर भरतं. सत्राच्या सुरुवातीला मुलं शिबिराच्या फाटकाबाहेर जमतात. एकेका देशाचा झेंडा वर चढतो, त्या देशाची मुलं आपलं राष्ट्रगीत म्हणतात आणि बाकीची उभी राहून ऐकतात. ज्यांच्याशी आपल्या घरच्यांनी युद्ध पाहिलंय, त्यांचं राष्ट्रगीत उभं राहून ऐकायचं, ही चौदा-पंधरा वर्षांच्या मुलासाठी साधी गोष्ट नाही. मग सगळी फाटकातून आत जातात. आत झेंडा एकच, शिबिराचा. सगळ्यांच्या अंगावर हिरवा टी-शर्टही तोच.

हे 'सीड्स ऑफ पीस'चं शिबिर. १९९३ पासून या शिबिरात वैरी समजल्या जाणाऱ्या देशांतली आणि समाजांतली शाळकरी मुलं साधारण तीन आठवडे एकत्र राहत आली आहेत. इथून गेलेल्यांची संख्या सात हजारांच्या वर आहे.

मी हे प्रकरण इतकं बारकाईनं का पाहिलं, ते आधी सांगतो. नववी ते अकरावीच्या मुलांसाठी मी दर मे महिन्यात एक निवासी शिबिर घेतो. पालक विचारतात, 'लीडरशिप शिकवता का? जगातले प्रश्न मुलांना कळतील का?' पहिली काही वर्षं मी तेच केलं जे सगळीकडे होतं. प्रत्येक मुलापुढे एका देशाची पाटी ठेवायची, हातात माहितीचा कागद द्यायचा आणि हवामानबदलावर परिषद भरवायची. अशाच एका परिषदेत 'बांगलादेश' झालेल्या पुण्याच्या मुलीनं पुरावर फार चांगलं भाषण केलं. आकडे तोंडपाठ, आवाज खणखणीत. तिच्यापासून तिसऱ्या खुर्चीवर शिरोळ तालुक्यातला एक मुलगा 'नॉर्वे'ची पाटी लावून बसला होता. तो दोन दिवसांत अवाक्षर बोलला नव्हता. रात्री भांडी आवरताना आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना तो सांगत होता की २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या घरात छताला लागेल इतकं पाणी होतं आणि घरातली सगळी माणसं शाळेच्या गच्चीवर होती. मावशींनी ते मला सकाळी सांगितलं. पूर माहीत असलेला एकच मुलगा त्या खोलीत होता, आणि मी त्याला नॉर्वे केलं होतं.

त्या सकाळपासून मी शोधत होतो की हे वेगळं कुठे कुणी केलंय. मेनचं शिबिर मला तेव्हा सापडलं. तिथे देशाच्या पाट्या नाहीत. तिथला मुलगा कुणाची भूमिका घेत नाही, तो स्वतःच आलेला असतो.

सुरुवात कशी झाली

जॉन वॉलक हे हर्स्ट वृत्तपत्रसमूहाचे परराष्ट्र विभागाचे संपादक. मध्यपूर्वेच्या बातमीदारीत त्यांची वर्षं गेली होती. २६ फेब्रुवारी १९९३ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात स्फोट झाला. (त्यानंतर बरोबर चौदा दिवसांनी, १२ मार्चला, मुंबईत स्फोटमालिका झाली. आपल्यासाठी ते वर्ष त्याच तारखेनं ओळखलं जातं.) नुसत्या बातम्या देत राहण्यानं वॉलक यांचं मन भरेना. वॉशिंग्टनमधल्या एका मेजवानीत इस्रायली, इजिप्शियन आणि पॅलेस्टिनी प्रतिनिधी हजर असताना ते उठले आणि म्हणाले, तुमच्याकडची मुलं माझ्याकडे पाठवा. चारचौघांत 'नाही' म्हणणं कुणालाच जमलं नाही. त्याच उन्हाळ्यात ४६ मुलं आली. शिबिर संपतं न संपतं तोच १३ सप्टेंबरला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायली आणि पॅलेस्टिनी नेत्यांमधल्या ऑस्लो शांतता करारावर सह्या झाल्या, आणि तो सोहळा पाहायला ती मुलंही तिथे होती.

अशी सुरुवात लाभली की कुणालाही वाटेल, आता सगळं जुळून येणार. पुढची सात वर्षं तसं वाटतही होतं.

आत काय चालतं

शिबिरात तळ्यात पोहणं आहे, फुटबॉल आहे, चित्रं आहेत, शेवटी अख्ख्या शिबिराचे दोन चमू पाडून तीन दिवस चालणाऱ्या स्पर्धा आहेत. हे सगळं चांगलंच आहे, पण ते कुठल्याही शिबिरात असतं. माझ्या मते इथलं खरं काम तीन जागी होतं: झोपायच्या केबिनमध्ये, जेवणाच्या टेबलावर आणि संवादाच्या खोलीत. या तिन्ही जागी कुणी कुणाबरोबर असायचं ते मुलं ठरवत नाहीत. ते शिबिर ठरवतं, आणि दोन्ही बाजूंची मुलं मुद्दाम मिसळून ठेवतं.

केबिनचं महत्त्व मला वाचूनसुद्धा आधी कळलं नव्हतं. पहिल्या रात्री झोपच लागली नाही, असं अनेक माजी शिबिरार्थी सांगत आले आहेत. शेजारच्या पलंगावर जो आहे, त्याच्या लोकांबद्दल लहानपणापासून फक्त भीती ऐकलेली. तो रात्री काही करेल का? सकाळी उठून पाहतो तर तो घोरत असतो, त्याचे मोजे जमिनीवर पडलेले असतात आणि त्याला घरची आठवण येत असते. एवढ्यानं राजकारण बदलत नाही. पण ज्याच्या शेजारी आपण निर्धास्त झोपलो, त्याचं म्हणणं दुसऱ्या दिवशी संवादाच्या खोलीत कानावर वेगळं पडतं.

संवादाचा तास रोज असतो, आणि तो दीड-दोन तासांचा असतो. गट लहान, आणि तो सांभाळायला दोन प्रशिक्षित फॅसिलिटेटर. त्यातले कित्येक आधी स्वतः या शिबिरात येऊन गेलेले. पहिले काही दिवस इथे गोडीगुलाबी मुळीच नसते. मुलं घरून तयारी करून आलेली असतात. तारखा, ठराव, हल्ले, मृतांचे आकडे. तू तुझं दुःख मांडलंस की मी माझं मोठं दुःख पुढे करायचं, मग तू त्याहून मोठं. आवाज चढतात, कुणी रडतं, कुणी उठून बाहेर जातं. फॅसिलिटेटर हे थांबवत नाहीत. आपल्याकडचा शिक्षक इथेच घाई करतो. 'भांडू नका, दोघांचंही बरोबर आहे' असं म्हणून तो विषय झाकून टाकतो. मीही तेच करत आलो. या खोलीत तो विषय उघडा ठेवतात, आणि त्यासाठी तीन आठवडे लागतात, कारण आकडे संपायलाच एक आठवडा जातो. आकडे संपले की मग कुणीतरी सांगतं की माझ्या भावाला लष्कराच्या तपासणी नाक्यावर काय झालं, किंवा मी ज्या बसनं शाळेत जाते त्या बसमध्ये चढताना रोज काय वाटतं.

तेव्हा शिकागो विद्यापीठात असलेल्या जेन रायझन आणि ज्युलियाना श्रोडर यांनी या शिबिरातल्या इस्रायली आणि पॅलेस्टिनी मुलांची मतं शिबिराआधी, शिबिर संपताना आणि पुन्हा काही महिन्यांनी नोंदवली. दोन गोष्टी त्यातून स्पष्ट दिसतात. शिबिर संपताना मुलांचं समोरच्या समाजाबद्दलचं मत बरंच सुधारलेलं असतं. घरी गेल्यावर त्यातलं काही ओसरतं, पण पूर्ण मावळत नाही. आणि ज्याला पलीकडचा एक तरी जवळचा मित्र मिळाला, त्याच्यात बदल जास्त झाला आणि जास्त टिकला. पुढच्या अभ्यासात हेही दिसलं की एकाच केबिनमध्ये, टेबलावर किंवा संवादगटात ठेवल्यानं मैत्री वाढते आणि ही वाढ पलीकडच्यांशी होणाऱ्या मैत्रीत अधिक असते. विचार केला तर ते साहजिक आहे. आपल्याच गावच्या पोराशी मैत्री कुठेही झाली असती. दुसऱ्या बाजूच्या पोराशी ती शेजारचा पलंग मिळाला म्हणूनच झाली.

एक खोट मात्र इथेच सांगायला हवी. शिबिराची भाषा इंग्रजी. ज्याला इंग्रजी सफाईनं येतं त्याचं दुःख सफाईनं बाहेर येतं. ज्याला शब्द शोधावा लागतो तो शब्द सापडेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. शिवाय निवडीतच अशी मुलं गाळली जातात, आणि मग ज्यांच्या घरी प्रश्नाची झळ सगळ्यात जास्त बसते तीच मुलं फाटकापर्यंत पोचत नाहीत. हा दोष छोटा नाही.

बाहेर काय झालं

उत्तर इस्रायलमधल्या गॅलिली भागातल्या अराबा गावचा असील अस्ले हा इस्रायलचा नागरिक असलेला पॅलेस्टिनी मुलगा. तो शिबिरात एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा आला. दोन्ही बाजूंच्या मुलांशी तो ईमेलवर अखंड बोलत असायचा. इस्रायली ज्यू मुलं आणि इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकमधली पॅलेस्टिनी मुलं या दोघांनाही जोडणारा असा तो होता, कारण तो दोघांच्याही मधे राहत होता. सप्टेंबर २००० च्या शेवटी दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, सुरू झाला. २ ऑक्टोबरला त्याच्या गावाजवळ निदर्शनं चालू असताना इस्रायली पोलिसांच्या गोळीनं तो गेला. वय १७. त्या वेळी त्याच्या अंगावर शिबिराचा हिरवा टी-शर्ट होता.

त्या महिन्यात असे १३ जण मारले गेले. चौकशीसाठी नेमलेल्या ऑर आयोगानं २००३ मध्ये अहवाल दिला आणि पोलिसांवर ताशेरे ओढले. २००८ मध्ये इस्रायलच्या ॲटर्नी जनरलनी कुणावरही खटला भरायचा नाही असं ठरवलं.

या घटनेपाशी मी वाचताना कितीतरी दिवस थांबलो होतो. आपण शिबिरातल्या मुलाला काय सांगतो? ऐकून घे, माणूस समजून घे, पूल हो. असीलनं हे सगळं केलं होतं. पण फाटकाबाहेर त्या टी-शर्टला काही अर्थ नव्हता. समोरच्या बंदुकीला तो ओळखू येत नव्हता. त्याच्या ज्यू मित्रमैत्रिणींना पुढे काही महिन्यांत किंवा वर्षांत त्याच राज्याच्या सैन्यात जायचं होतं, कारण इस्रायलमध्ये बहुतेक ज्यू मुलामुलींना अठराव्या वर्षी लष्करी सेवा सक्तीची आहे. त्याच्या पॅलेस्टिनी मित्रांना गावात विचारलं जात होतं, 'बघितलंस, काय उपयोग झाला?' पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांवर आपण हे ओझं टाकतो, आणि टाकून शिबिर गुंडाळतो.

संस्थेनं ते अगदीच गुंडाळलं नव्हतं, हेही नोंदवलं पाहिजे. १९९९ मध्ये जेरुसलेममध्ये त्यांनी एक केंद्र उघडलं होतं, परतलेल्या मुलांना भेटत राहता यावं म्हणून. इंतिफादानंतर नाकेबंदी, परवाने, भीती यांमुळे तिथे दोन्ही बाजूंची मुलं एकत्र आणणं दिवसेंदिवस कठीण झालं. त्या काळात संस्थेसाठी जेरुसलेममध्ये काम केलेले नेड लाझरस यांनी पुढे पहिल्या दहा वर्षांतल्या ८०० हून अधिक इस्रायली आणि पॅलेस्टिनी शिबिरार्थींचा माग काढला. परतल्यावरच्या पहिल्या वर्षात बहुतेक मुलं काही ना काही करत होती. मग सैन्यभरतीचं वय आलं, हिंसाचार वाढला, आणि संख्या घसरली. मोठेपणीही शांततेच्या कामात राहिलेले शंभरात सतरा-अठरा निघाले. आणि ते कोण होते? बहुतांशी तेच, जे परतल्यावर पुढच्या उपक्रमांत येत राहिले, किंवा मोठी मुलं म्हणून शिबिरात पुन्हा बोलावले गेले.

शंभरात सतरा-अठरा म्हणजे कमी की जास्त? मला हा आकडा खूप मोठा वाटतो. तीन आठवड्यांच्या बदल्यात, युद्ध चालू असताना, घरच्यांची बोलणी खाऊन एवढी मुलं वीस-पंचवीस वर्षांची होईपर्यंत कामाला चिकटून राहिली. पण या आकड्याचं श्रेय एकट्या तळ्याकाठच्या तीन आठवड्यांना देता येणार नाही. ते श्रेय परतीनंतरच्या वर्षांचंही आहे, आणि शिबिरं घेणारे आम्ही लोक नेमका तोच भाग पैसे संपले म्हणून सोडून देतो.

मुंबई आणि लाहोर

२००१ च्या उन्हाळ्यात याच शिबिरात पहिल्यांदा भारत आणि पाकिस्तानची मुलं आली. भारतातली मुंबईची, पाकिस्तानातली लाहोरची. ती परतून चार-पाच महिने होतात न होतात तोच १३ डिसेंबरला संसदेवर हल्ला झाला, सैन्यं सीमेवर गेली आणि १ जानेवारी २००२ पासून दोन देशांमधली विमानं, बस, रेल्वे सगळं बंद. नुकतीच एका केबिनमध्ये झोपलेली मुलं टीव्हीवर रणगाडे बघत बसली. ही मुलं ईमेलवर बोलत राहिली, आणि काही वर्षांनी रस्ता थोडा मोकळा झाल्यावर मुंबईची मुलं वाघा ओलांडून लाहोरच्या मित्रांच्या घरी राहूनही आली.

या गटातून पुढे जे निघालं ते मला अख्ख्या प्रकरणात सगळ्यात मोलाचं वाटतं. संवादाच्या खोलीत इतिहासाचा विषय निघाला की दोन्हीकडची मुलं शाळेतल्या पुस्तकातलं घडाघडा म्हणायची, आणि दोन्ही पुस्तकांत घटना तीच, अर्थ उलटा. काही माजी शिबिरार्थींनी मोठेपणी यावरच काम केलं. दोन्ही देशांच्या पाठ्यपुस्तकांतले एकाच घटनेचे वृत्तांत शेजारी शेजारी छापायचे, भाष्य काही करायचं नाही, आणि ते शाळांत न्यायचं. २०१३ मध्ये मुंबईत त्यांचं असं पहिलं पुस्तक निघालं.

ही कल्पना कळल्यावर मी आमच्या शिबिरात १९०५ ची बंगालची फाळणी, म्हणजे वंगभंग, घेतली. आपल्या मुलांना ती पाठ असते. कर्झन, फोडा आणि झोडा, मग टिळकांची स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य ही चतुःसूत्री, आणि शेवटी १९११ मध्ये फाळणी रद्द, म्हणजे आपला विजय. मग दुसऱ्या बाजूनं तीच गोष्ट सांगितली. पूर्व बंगालात मुस्लिम बहुसंख्येचा प्रांत झाला, ढाक्याला राजधानीचा मान मिळाला, १९०६ मध्ये तिथेच मुस्लिम लीग स्थापन झाली, आणि १९११ मध्ये ते सगळं हातातून गेलं. म्हणजे तिकडच्या मुलासाठी १९११ हा विश्वासघात. आमची मुलं बराच वेळ गप्प होती. मग एकानं विचारलं, 'सर, मग परीक्षेत काय लिहायचं?' मी म्हटलं, परीक्षेत पुस्तकातलं लिही. पण वर्ष एकच असून ते दोन्हीकडे वेगळं का आठवतं, हा प्रश्न सोडू नकोस.

२६ नोव्हेंबर २००८ नंतर मुंबई आणि लाहोरच्या मुलांना एकत्र आणणं फार अवघड झालं. व्हिसा मिळेनात. मुंबईतल्या आईबापांनी 'आता नको' म्हटलं असेल तर त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही.

आम्ही काय बदललं

आमच्या शिबिरात सीमेपलीकडची मुलं येणार नाहीत. तेवढे पैसेही नाहीत आणि परवानगीही मिळणार नाही. पण मेनचं शिबिर वाचल्यावर मला कळलं की जागतिक प्रश्न आणायला परदेशी मूल लागतंच असं नाही. ऊसतोडीला आईबापांबरोबर सहा महिने शाळा सोडून जाणारी मुलगी आणि साखर कारखान्याच्या सभासदाचा मुलगा आमच्याच यादीत असतात. पाणी, स्थलांतर, पूर, मजुरी, हे सगळं आमच्या दोन खोल्यांत झोपलेलं असतं. म्हणून आम्ही पाट्या काढल्या. अंथरुणं चिठ्ठ्या टाकून लावतो, जेवणाच्या पंगतीही. पहिली नाराजी रात्रीची असते, 'मला माझ्या मैत्रिणीजवळ झोपायचंय'. आम्ही ऐकत नाही. संवादाचा तास मराठीत, आणि ज्याला जी बोली येते त्या बोलीत. दिवस दहा केले, पाचाचे. आणि जे पैसे टी-शर्ट आणि प्रमाणपत्रांवर जायचे ते बाजूला ठेवून दिवाळीच्या आणि जानेवारीच्या सुट्टीत मुलांना पुन्हा बोलवायला वापरतो. एसटीचं भाडं आम्ही देतो. पहिल्या वर्षी दिवाळीत निम्मीच मुलं आली.

शिरोळच्या त्या मुलाला मी पुढच्या मे महिन्यात मोठा मुलगा म्हणून बोलावलं. तो येईल असं वाटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पाण्याचा विषय निघाला तेव्हा तो उठला, खडू घेतला, खुर्चीवर चढला आणि हॉलच्या भिंतीवर छताखाली हातभर जागा सोडून आडवी रेघ ओढली. 'इथंवर.' एवढंच म्हणाला. मुलं एकेक करून रेघेखाली जाऊन उभी राहिली, हात वर करून बघायला लागली. कुणाचाच हात पोचेना. मग साताऱ्याच्या एका मुलीनं विचारलं, 'आणि म्हशींचं काय केलंत?'

त्यावर तो पाऊण तास बोलला.